दोन बोटं आखूड

वरठी

प्रिय हेमराज,

तुझी आई म्हणते, फोन करा. फोनवर तू "हो बाबूजी, हो बाबूजी" म्हणतोस आणि दोन मिनिटांत ठेवून देतोस, म्हणून कागद घेतला. अक्षर नीट बघून घे. ज्याची नजर गेली असं सगळी वरठी म्हणते, त्या माणसाच्या ओळी अजून सरळ जातात.

दुकान रोज उघडतो, लेथ मात्र बंदच असतो. परवा तेजराम पंपाचा शाफ्ट घेऊन आला होता. दारातूनच म्हणाला, "काका, दिसते ना बराबर?" मी काही बोलायच्या आत तो शाफ्ट घेऊन शहापूरच्या दुकानात गेला. पस्तीस वर्षं माझं काम लोकांनी न मोजता बसवलं, आता दारातून परत जातात. तुझी आई म्हणते, आराम करा. आराम करायला मी आजारी आहे का?

उन्हाळ्यात तू ती नळी घेऊन आलास, ते आठवतं? तुमच्या फ्लाइंग क्लबाच्या छोट्या विमानाची तेल मोजायची डिपस्टिक जिच्यातून इंजिनात जाते, ती नळी तडकली होती. नवी यायला दोन महिने, आणि तोवर शिकणारी पोरं बसून. विमानांची देखभाल तुझ्याकडे, म्हणून तू दुसऱ्या मॉडेलची नळी कुठून तरी मिळवलीस आणि बापाकडे आलास. खरं सांगतो, माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. तिची खालची कड इंजिनात बसेना, ती मी लेथवर उतरवली, नवे आटे पाडले, वरचा आधार बदलला. सगळं बसलं, पण नळी मूळच्यापेक्षा दोन बोटं आखूड झाली. तेव्हाच तुला म्हटलं होतं, आता जुनी डिपस्टिक खोटं बोलेल. दोन बोटं जास्त खोल जाईल, आणि तेल कमी असलं तरी पुरतं आहे असं दाखवेल. म्हणून मी नवी पट्टी कापली. हँगरमध्ये पाणसळ लावून विमान सपाट उभं केलं, सगळं तेल काढलं, एकेक लिटर मोजून परत ओतलं, दर वेळी तेल खाली बसेपर्यंत थांबलो आणि कानशीनं खूण केली. अख्खा दिवस गेला. तू स्वतः माझ्यासाठी चहा आणलास.

महिनाभर ती पट्टी बरोबर चालली. मग मालकाचे पाहुणे विमान बघायला येणार होते, फोटो काढणार होते, आणि तुला माझ्या कानशीच्या खुणांची लाज वाटली. दोन दिवसांपुरती जुनी चकचकीत डिपस्टिक लावलीस आणि बदलायला विसरलास. तिसऱ्या दिवशी चिखल्याची खुशबू विमान घेऊन गेली. खाणीत काम करणाऱ्या माणसाची पोरगी. उडण्याआधी तिनं डिपस्टिक काढून पाहिली होती, तूच शिकवलं होतंस. आकडा बरोबर होता, तेल नव्हतं. इंजिन हवेत जाम झालं. एवढ्यातही पोरीनं धानाच्या बांधीत विमान उतरवलं. जीव वाचला, उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला.

चौकशीवाले यायच्या आधी तू घरी आलास. माझी पट्टी वर्तमानपत्रात गुंडाळून आणली होतीस. "बाबूजी, हे वितळवून टाका. तुमचं काय जाते? माहं लायसन गेलं तं मी कुठं जाऊ?" तुझी आई पदर तोंडाला लावून उभी होती. मी पट्टी भट्टीत टाकली. नळी आखूड झाली हे म्हातारपणी माझ्या लक्षात आलं नाही, नजर कमी झाली आहे, असं लिहून सही केली. बाहेरून काम करून घेतलं म्हणून तुला ताकीद मिळाली. मला चष्मा बदलायचा सल्ला मिळाला.

सहीचा मला पश्चात्ताप नव्हता. बापानं करायचं ते केलं. पण दिवाळीला आलास, दोन दिवस राहिलास, आणि दुकानात पाऊल टाकलं नाहीस. लेथवर धूळ बसलेली तुला बघायची नव्हती. त्याचा मला फार राग आला, अजून येतो.

तरी मी लिहिलं नसतं. पण काल खुशबू आली, बापाच्या मोटरसायकलवर मागे बसून. मला वाटलं, शिव्या देईल. त्या खायला मी तयार होतो. ती म्हणाली, "काका, मनाले लावून घेऊ नका. वय झालं का होतेच असं. मी माफ केलं तुमाले." आणि कुबड्या भिंतीला टेकवून माझ्या पाया पडायला वाकू लागली. हेमराज, शिव्या मी तुझ्या वाटच्या खाल्ल्या असत्या, पण ही माफी माझ्यानं घेववत नाही. येत्या रविवारी मी चिखल्याला तिच्या घरी जाणार आहे. सकाळी आठपर्यंत तुझी वाट बघेन. आलास तर तू बोल, मी शेजारी बसेन. नाही आलास तर तुझं नाव मला घ्यावं लागेल, आणि ते मी घेईन.

तुझाच,
बाबूजी