झोपेला घाबरलेला वर्ग

ता. ६ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. माझ्या तिसरीच्या वर्गातली एक मुलगी मागच्या आठवड्यात मेंदूज्वरानं गेली. मोठ्या बाई म्हणाल्या, मुलांसमोर जड शब्द नकोत. मग मीच शहाणपणा केला. सांगितलं, ती शांत झोपली, आता उठणार नाही. मुलांनी वह्या उघडल्या. मला वाटलं, निभावलं.

आता पालक भांडायला येतात. मुलं रात्री डोळे मिटत नाहीत. तिच्याच बाकावर बसणारी आमची बडबडी तर झोप येऊ नये म्हणून स्वतःला चिमटे काढते. दंड काळेनिळे झालेत. आज प्रार्थनेला उभी असताना कोसळली. शुद्धीवर आल्यावर रडत रडत सांगत होती की आपण झोपलो नव्हतो, खरंच नव्हतो.

तू मुलांच्या वॉर्डात नर्स आहेस. रोज आईबापांना काय सांगतेस, ते मला सांग. पाया पडते, पण लवकर लिही.

वेडी असले तरी तुझीच,
धाकटी

ता. ९ जुलै

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं अक्षर बघून वाटलं, कोंबडीनंच शाईत पाय बुडवून लिहिलंय. आधी जेवून घे, मग पुढचं वाच.

झोप, प्रवास, देवाघर, सगळं बाजूला ठेव. मेली, असं म्हण. आजारानं तिचं शरीर बंद पडलं; आता तिला दुखत नाही, भूक लागत नाही आणि ती परत येणार नाही. झोपेत श्वास चालू असतो, हे एकमेकांच्या पाठीवर हात ठेवून बघू दे. तुम्हीही मरणार का, असं विचारतील. तेव्हा ‘कधीच नाही’ अशी खोटी शपथ घेऊ नकोस. रडू आलं तर त्यांच्यासमोर रड.

आमच्या डॉक्टरांनासुद्धा तो शब्द उच्चारताना घाम फुटतो. तुला फुटला तर बिघडलं नाही. शब्द कठोर असला तरी मुलांवरची तुझी माया त्यात येईलच, काळजी करू नकोस.

ताई

ता. १३ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सांगितलं. तो शब्द चौथ्या खेपेला पुरा बोलले. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून निघून गेल्या. मुलांनी हवं ते विचारलं. बाकाखाली राहिलेल्या तिच्या बाटलीतल्या पाण्याचं काय करायचं, हेसुद्धा विचारलं. बडबडीनं एकच विचारलं, मग मी आधी खोटं का बोलले. मी म्हटलं, घाबरले होते. तिला ते पटलं बहुतेक. बाकावर डोकं टेकलं आणि पोर गाढ झोपली.

सुट्टीची घंटा झाली. बाकीची मुलं चवड्यांवर बाहेर गेली. मी तिच्याजवळ बसले. आताच तर सगळ्या वर्गाला समजावलं होतं की झोपेनं कुणी मरत नाही. तरी तिच्या नाकापुढे बोट धरलं. श्वास लागत होता. बोट काढलं की भीती वाटायची, म्हणून पुन्हा धरायची. तिची आई न्यायला आली, तेव्हाही माझं बोट तिथंच होतं. खाली बसली आणि तिनंही आपलं बोट पुढे केलं.

ताई, रजा काढून ये ना गं.

तुझी,
धाकटी