बिनशिट्टीचा कुकर

१० नोव्हेंबर, सोमवार
स्लो कुकर आला. सकाळी टाका, बटण दाबा, संध्याकाळी खा. मधे काहीच करायचं नाही. माझ्यासाठीच बनवलाय.

झालं असं की शनिवारी पिठाच्या डब्यात रबरी पाल ठेवली. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या इंदुमावशी किंचाळल्या आणि काम सोडून गेल्या. ह्यूमर नाही लोकांना. आता माझे रूममेट, शुभंकर आणि फैझल, म्हणतात, रविवारपर्यंत तू जेवायला घाल, नाहीतर मावशींची हात जोडून माफी माग आणि त्यांना परत आण.
मी आणि माफी? हॅ.

११ नोव्हेंबर
वरण. संध्याकाळी बघितलं तर डाळ पाण्यात पोहत होती. दुकानदाराने डाळच हट्टी दिली.
शुभंकर हिंजवडीहून ट्रॅफिक खाऊन आला. भांड्यात डोकावून म्हणाला, शिट्टी कधी होते याला? म्हटलं, होतच नाही. म्हणाला, मग शिजलं कशावरून? आणि पोट भरलंय म्हणून झोपला.
प्रॉब्लेम जेवणाचा नाहीये. प्रॉब्लेम शिट्टीचा आहे.

१२ नोव्हेंबर, सकाळ
आयडिया! मोबाईलवर प्रेशर कुकरची शिट्टी शोधली, लूपवर लावली, फोन ओट्याखाली लपवला. अंघोळीला गेलो.
बाहेर येतो तर तळमजल्यावरचे रंगनाथकाका दारात. चार जिने चढून घामाघूम. म्हणाले, अहो, डाळ शिजवताय का रेल्वे सोडताय? आधी गॅस बंद करा! म्हटलं, काका, गॅस चालूच नाहीये.
काकांनी स्वतः आत जाऊन शेगडी बघितली. मग म्हणाले, आपलं शिक्षण कुठे झालं? नाही, नातवाला तिथे घालायला नको.
जाऊ दे. वयस्कर माणूस.

१३ नोव्हेंबर, गुरुवार
मटकीची उसळ. सकाळी दहाला लाईट गेली, संध्याकाळी पाचला आली. गुरुवारी जातेच, अख्ख्या वारज्याला माहितीये. पण कुकरच्या मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं नाही. चूक मॅन्युअलची.
झाकण काढलं तर मटकी शिजायच्या ऐवजी मोड आणखी लांब झालेले. प्रोटीन डबल! फैझल म्हणाला, भाई, ये तो गार्डन है, पानी डाल इसको. तोही जेवला नाही. दोघांना भूकच लागत नाही हल्ली. स्लो कुकिंगचा इफेक्ट असणार.

१४ नोव्हेंबर
काही नाही. बिस्किटं. चॉइस म्हणून.

१५ नोव्हेंबर
चिकन. फुल कॉन्फिडन्स.
संध्याकाळी कळलं, बटण ‘वॉर्म’वर होतं. चिकनला दिवसभर नुसती ऊब मिळाली. फेकलं.
शुभंकर ढेकर देत आला. वांग्याच्या भरताचा वास. सेम मावशींच्या हातचा. पुण्यात कोणीतरी त्यांची कॉपी मारतंय.

१६ नोव्हेंबर, रविवार दुपार
आठवडाभर एकानेही जेवण मागितलं नाही, म्हणजे मीच जिंकलो. तरी मोठ्या मनाने मावशींकडे जायचं ठरवलं. भुकेचा काही संबंध नाही.
लांब जावंच लागलं नाही. तळमजल्यावर काकांचं दार उघडं. आत मावशी भाकरी थापतायत. पाटावर काका, शुभंकर, फैझल. समोर भरीत. मावशी त्या दिवशी रडत खाली उतरल्या, तेव्हा काकांनी जिन्यातच त्यांना कामावर ठेवलं. हे दोघं सोमवारपासून इथेच जेवतायत.
हात जोडले. सॉरी म्हटलं. दोनदा.
मावशी म्हणाल्या, माफ केलं रे बाळा. पण आता चार जिने चढायची नाही मी. हे दोघं इथंच जेवतील.
म्हटलं, आणि मी?
म्हणाल्या, तुझं मशीन हाय की.
काका म्हणाले, आपण निघा, भाकरी गार होतेय. शुभंकरने आणखी भरीत वाढून घेतलं. फैझल म्हणाला, दार लाव जाता जाता.

संध्याकाळ, आठ
भात टाकलाय. मॅन्युअल नीट वाचून, बटण बघून.
सकाळी होईल म्हणे.