उष्टा चमचा

शुक्रवार, संध्याकाळ

मानवजातीवर आजवर झालेल्या अन्यायांत आज एकाची भर पडली: माझा चमचा घरी राहिला. धाकट्या बहिणीने फोनवर बजावलं होतं, ताई, ताट-चमचा आपापला. मी दोन जाड पुस्तकं आणली, चमचा नाही. आता या निर्मनुष्य बेटावर नूडल्स खायच्या, तर आधी धाकटीचं जेवण आटोपायला हवं, मग तिचा चमचा मला. चमचा ती असा चाटते की त्याला पॉलिश होतं. मला उष्ट्याची शिसारी. म्हणून काठावर जाऊन तो तळ्यात खसाखसा घासते, मगच जेवते. धाकटी म्हणाली, ताई, मला काय पिसाळलेलं कुत्रं चावलंय का?

बाकी मजेत. चौघं जण, दोन होड्या. म्होरके आहेत दातांचे डॉक्टर. वल्हं कसं मारायचं हेही ते 'आ करा'च्या सुरात सांगतात. चौथा विमावाला. वारा सुटून होडी डुचमळायला लागली तसं त्याने मला पॉलिसीचे फायदे ऐकवले. होड्या भाड्याने देणाऱ्या बाईने निघताना दम भरला होता की उरलंसुरलं पुरा, उष्टं पाण्यात टाकलंत तर तळ्याला चव लागते. जेवण झाल्यावर विमावाल्याने अर्धं ताट तळ्यात भिरकावलं. म्हणे, माशांनाही बोनस.

शनिवार

वारा थांबेना. तळं नुसतं उसळतंय, निघायची सोय नाही. रात्रीत एक होडी वाऱ्याने नेली. गाठ डॉक्टरांनी मारली होती; त्यांच्याकडे टाके घालून घेणाऱ्यांची मला काळजी वाटते.

सकाळी विमावाल्याच्या तंबूच्या दारात कालच्या नूडल्स परत आल्या होत्या. चघळलेल्या. कोमट. वर लाळेचा फेस. धाकटी तिथेच ओकली. मी म्हटलं, तळं सभ्य आहे, उष्टं घरपोच करतं. कोणी हसलं नाही, कारण विमावाल्याने तेवढ्यात मोजे काढले. टाचा पांढऱ्याफटक, बुळबुळीत, बोटांमध्ये लाळेच्या तारा. झोपेत गुदगुल्या झाल्या होत्या, असं लाजत म्हणाला.

रविवार

वारा. विमावाल्याचा डावा कान चोखून संपत आलेल्या गोळीसारखा झालाय. गुळगुळीत, पातळ, आरपार उजेड दिसतो. दुखत नाही म्हणे. नाकही बसत चाललंय. तंबूत न धुतलेल्या तोंडाचा वास. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की कुठेही चावा नाही, जे चोखतंय त्याला दातच नाहीत. आवाजात धंद्यातली निराशा.

आम्हा तिघांना काही नाही. पाण्यात उष्टं त्याचंच गेलं होतं.

सोमवार

विमावाला नाही. स्लीपिंग बॅग आतून ओलीचिंब. तळाशी त्याचे दात, स्वच्छ. दारापासून पाण्यापर्यंत चिकट पट्टा.

सोमवार, दुपार

धाकटी पाय लपवतेय. मोजा ओढून काढला. करंगळी — बुळबुळीत, नख गेलेलं.

तिने पाण्यात काहीच टाकलं नव्हतं. सगळं पुरलं. मग —

चमचा.

तिची लाळ मीच तळ्याला भरवली. रोज दोन्ही वेळा, घासून घासून. माझं जेवण झालं की चमचा नुसता पुसून परत द्यायचे. आपलं उष्टं आपल्याला घाण वाटत नाही.

मंगळवार, सकाळ

वारा पडला. एक होडी, दोन जागा. डॉक्टर धाकटीला नेतील. दुसऱ्या फेरीला मी येते, असं सांगितलं. ती म्हणते, ताई, तुझ्याशिवाय हलणार नाही. लहानपणीसारखा आवाज चढवला तेव्हा बसली. मोज्यातून लाळ गळतेय.

विमावाला संपेपर्यंत तळं तिला शिवलं नव्हतं. त्याचं अर्धं ताट, तिची नुसती चव. मोठ्या घासाकडे आधी जातं —

नंतर

होडी निघाली. मागे पाणी फुगलंय, त्यांच्याबरोबर सरकतंय. पातेलंभर नूडल्स हाताने खाल्ल्या, चावून चावून तळ्यात थुंकल्या. शी. पुन्हा थुंकल्या.

फुगवटा थांबला.

वळला.

डॉक्टर जोरात वल्हवताहेत. धाकटी उभी राहून ओरडतेय. बस खाली, बावळट —

वास आला. पायाशी कोमट. दात खरंच नाहीत.

चमचा तिच्या सॅकच्या बाहेरच्या खिशात ठेवलाय, तिला न सांगता. पाण्याला लावला नाही. नुसता पुस