रिकाम्या हाताची हाक

कुरुंदवाड,
१२ ऑक्टोबर १९७३

प्रिय ज्ञानू,

'केशर कशी आहे, मला विसरली तर नाही ना?' एवढं एकच तू विचारलंस आणि नेमकं त्याचंच उत्तर मला देता येईना. दोनदा कागद घेतला, पाऊसपाण्याचं लिहिलं आणि फाडला. नजीरा म्हणाली, "नाल ठोकताना हात थरथरत न्हाय, आन् पेन धरल्यावर काय झालं तुमाला?" बायकोपुढं काय सांगणार? आज लिहितोच.

आधी तुझ्या घरचं सांगतो. आण्णा बरे आहेत. गुडघा धरतो, पण तोंड चालू आहे. ऊस चांगला आलाय. टांगे कमी झाले, म्हणून मी हल्ली बैलांच्या खुरांना पत्र्या मारत फिरतो. माझे अब्बा असते तर म्हणाले असते, नालबंदाचा पोरगा बैलांच्या मागं लागला. पोट भरतंय, तक्रार नाही.

परवा नदीकाठच्या मळीतून येताना तुझी फार आठवण झाली. केशर शिंगरू होती तेव्हा तू छपरात तिच्याकडं पाठ करून तासन् तास बसायचास. मी चिडवायचो, घोडी शिकवतोयस का सोयरीक जमवतोयस? पण एक दिवस तीच मागून आली आणि तुझी टोपी चावायला लागली. पुढं त्याच मळीत तू तिच्यावर बसायचास, लगाम ढिला सोडून. तू मान वळवलीस की ती वळायची, तू श्वास सोडलास की थांबायची. मी मागं बसलो तर मात्र गाढवासारखी अडायची. आणि तुझी ती हाक, "ये गं बाय, ये की," जिभेचा टकटक आवाज करून. ती हाक तू मला शिकवलीस तेव्हा एक अट घातली होतीस. वाईट कामाला तिला हाकेनं बोलवायचं नाही. सुई टोचायची असो, नाल मारायची असो, आपण तिच्याकडं चालत जायचं. हाक मारली तर हातात भिजवलेले हरभरे पाहिजेतच. मी हसलो होतो, पण अट पाळली होती.

ज्ञानू, केशर विकली. घट बसायच्या आधीच. आण्णांवर रागावू नकोस. तू बाहेरगावी गेल्यापासून घरात तिच्यावर बसणारं कुणी नाही, नुसती बांधून तिचा जीव कोंडतोय, असं त्यांना मनापासून वाटत होतं. कागलच्या हंबीररावांना दसऱ्याला सीमोल्लंघनासाठी घोडी हवी होती. माणूस भला आहे. त्यांचा ट्रक दारात आला, पण केशर फळीवर पाय ठेवेना. चौघांनी ओढली, डोळ्यांवर पोतं टाकलं, तर ती मागच्या पायांवर उभी राहिली. शेवटी आण्णांनी मला बोलावलं. म्हणाले, "निसार, तुझ्या हाकंला येतीया म्हणत्यात. मार की हाक."

मला 'नाही' म्हणता आलं असतं. आण्णांनी मला मारलं नसतं. त्यांच्या भिडेनं केलं असं नजीराला सांगितलं, ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं तुला सांगतो. आळी गोळा झाली होती, आणि चौघा गड्यांना जमेना ते निसार नालबंद करून दाखवतो, हे मला त्या सगळ्यांना दाखवायचं होतं. मी ट्रकमध्ये चढलो आणि हाक मारली, तुझ्याच आवाजात. तिनं कान टवकारले. ज्या फळीला एवढी भीत होती तिच्यावरून टापा वाजवत सरळ आली आणि माझ्या तळहातात तोंड घातलं. हात रिकामा होता. ती शोधत राहिली आणि मागं ट्रकच्या फळ्या लागल्या. खाली लोक ओरडले, "वा रं मर्दा!" आणि ज्ञानू, मी हसलो. त्या हसण्याची लाज मला अजून जेवू देत नाही.

दसऱ्याला तिनं हंबीररावांना पाठीवर बसू दिलं नाही. कुणाला पायही धरू देईना, म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी कुंपणाशी उभा राहून हाक मारली. या वेळी मूठभर हरभरे होते. हाक ऐकताच ती थरथरली आणि पार पलीकडच्या भिंतीला जाऊन चिकटली. नऊ गावचे घोडे मला पाय उचलून देतात रे. तिला पहिली नाल मीच मारली होती. तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. हंबीरराव म्हणाले, "जिच्यावर बसाय येत न्हाय ती घोडी मी काय पुजायला ठिवू? आण्णांच्या पोराला बोलवा. त्येच्याकडं गेली तर खुशाल न्या. न्हायतर दिवाळीनंतर बाजारात धाडतो." हे मी आण्णांना येऊन सांगितलं. रात्री म्हणाले, "तूच लिही. मला जमायचं न्हाय."

म्हणून हे पत्र. दिवाळीच्या सुट्टीला येशील तेव्हा आधी घरी येऊ नकोस, कोल्हापुरातून थेट कागलची गाडी धर. मी स्टँडवर असेन, पण हंबीररावांच्या आवारात येणार नाही, बाहेरच थांबेन. तू तिला लांबून बघशील आणि विचार करायच्या आत तुझ्या तोंडून ती हाक येईल. तेवढ्यासाठीच लिहितोय. तोंड घट्ट मिटून आत जा. पहिल्यासारखा पाठ करून बस, लागेल तेवढा वेळ बस. आली तर घेऊन ये, नाही आली तर तो दोष माझा, तुझा नाही. मला काय बोलायचं ते नंतर बोल, मार हवं तर. पण हाक मारू नकोस, ज्ञानू. तुझी हाक मी खोटी केली आहे.

अजून म्हणू देणार असशील तर,
तुझाच,
निसार