दोन वाजताचा आकडा

सोमवार, ३
आज कामाचा पहिला दिवस, आणि ओळखपत्रावरचा फोटो चक्क बरा आलाय! आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मीच पहिली. आईने तीनदा फोन करून जेवलीस का विचारलं. जणू सासरी पाठवलंय. हवेच्या दाबावरून विमानाची उंची सांगणाऱ्या पेट्या इथे बनतात. पेटीच्या आत चालणारा छोटासा प्रोग्राम तपासायचं काम मला मिळालंय. सोल्डरिंगवाले काका म्हणाले, पेटीला घाबरू नकोस, अजून कुणाला चावलेली नाही.

मंगळवार, ४
इथली रीत अशी: तापल्यावर आकडा चुकतो का ते पाहायला पेटी भट्टीत तापवायची आणि ती गरम असतानाच, बरोबर दोन वाजता, पडद्यावरचा आकडा वहीत लिहायचा. आमचं टेबल समुद्रसपाटीपासून नव्वद फुटांवर, म्हणून नव्वदच यायला हवेत. तपासणीच्या मुख्य बाई कडक शिस्तीच्या. त्यांनी बजावलं, दिसेल तेच लिहायचं. मी तीनदा पाहून लिहिते. काका म्हणतात, अगं, आकडा पळून जात नाही.

शुक्रवार, ७
बाबांचा फोन आला, बाहेर जाऊन घेतला. ते शेजाऱ्यांना माझा आवाज ऐकवत होते, मला फोन ठेववेना. परत आले तर दोन वाजून वीस मिनिटं झालेली, पेटी क्रमांक सात गार पडलेली. पुन्हा तापवायची तर कारण लिहून द्यावं लागलं असतं. आधीच्या सहाही पेट्यांना नव्वदच आले होते. मी नव्वद लिहिलं. बाईंनी माझ्यावर विसंबून सही केली.

सोमवार, १०
सातवी पेटी विमानात बसवायला गेली. आज आठवी लावली. दोन वाजता पडद्यावर ३१,०००. बाईंना बोलावलं. त्यांना नव्वदच दिसले. ताप तर नाही ना, म्हणून त्यांनी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

मंगळवार, ११
२४,०००. प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली. दाब मोजणाऱ्या सेन्सरची वायर उपटून काढली. तरी आकडा आला. माझ्या कानांना दडे बसले.

बुधवार, १२
पेटी बंद ठेवली होती. तरी दोनला ९,०००. बाटलीतलं पाणी तिरकं झालं. टेबल सपाट होतं.
काका म्हणाले, सातवी पेटी घेऊन विमान उद्या दुपारी चाचणीला उडणार. आत दोन माणसं. सांगायलाच हवं. पण सांगितलं तर उद्याच घरी, आणि आईने तर गल्लीभर —

गुरुवार, १३
दीड. बाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. ते जास्त लागलं. फोनकडे धावल्या. विमान एक वाजताच उडालंय —

एक पन्नास. बाई फोनवर ओरडताहेत, परत बोलवा. तिकडून सांगतात, खाली दाट ढग, पण वैमानिकाच्या पडद्यावर उंची भरपूर आहे, काळजी नको —

एक अठ्ठावन्न. माझ्या पडद्यावर १,४००. आता दिसेल तेच लिहीन.
८००.
पाणी बाटलीच्या तोंडाशी. ३५०. खुर्ची पुढे कलतेय, मी टेबल धरलंय. बाईंना काहीच —
१६०.
माझ्या डावीकडे कुणीतरी सीटचा पट्टा आवळतंय. मला विचारतंय, ताई, खरा आकडा कित—