आडवं जाणं

पिंपरी, १२ नोव्हेंबर १९५६

प्रिय ज्योतीराम,

गेले पंधरा दिवस मी सकाळी कोरा चहा पितो आहे आणि सरकारने याची अजून दखल घेतलेली नाही. कारखान्याची नवी शिफ्ट सुरू झाल्यापासून तुझ्या आईचा, गवराबाईंचा, सहाचा रतीब साडेसातला येतो. तुमचा गोठा मुंबई रस्त्याच्या पलीकडे, माझी कपबशी अलीकडे, आणि कडेला चरवी घेऊन त्या उभ्या. वाहन दिसलं की दोन पावलं मागे. लॉरीवाले ओरडतात, "ए आजी, जायचंय का ऱ्हायचंय?"

त्यावरूनच मी तुला मागे लिहिलं, की गवराबाईंची नजर गेली, त्यांना मुंबईला तुझ्या खोलीवर ने. तू लगेच म्हशीला गिऱ्हाईक बघायला सांगितलंस. ते ऐकल्यापासून त्या धड जेवलेल्या नाहीत.

परवा त्या अर्ध्या रस्त्यात पोचल्या होत्या. लांबून एक कोरी लॉरी आली, हार घातलेली, पुढे लिंबू-मिरच्या. एवढ्या वेळात गोगलगायसुद्धा पार झाली असती. या उलट्या फिरल्या आणि मागच्या सायकलवर आदळल्या. गुडघा फुटला. फडकं बांधता बांधता मी खेकसलो, "दिसत नाही का तुम्हाला?"

"दिसतंय की भाऊ. लिंबूबी दिसलं. नव्या गाडीला माज्यासारख्या विधवेनं आडवं जायचं व्हय? आदी रस्ता मोकळा तरी व्हायचा. आता समदीच कामाला निघाल्याती. कुनाकुनाला आडवी जाऊ?"

मी हसणार होतो. सत्यनारायणाच्या प्रसादालाही नावं ठेवणारा माणूस मी! पण त्या हळूच म्हणाल्या, "तुमीबी त्या दिशी मागं फिरला व्हता न्हवं?"

दोन वर्षांपूर्वी नोकरी मागायला निघालो, तेव्हा त्या आडव्या आल्या होत्या. मी घरी परतलो, बसलो, पाणी प्यालो आणि नव्याने निघालो. वाटलं होतं, त्यांनी पाहिलं नसेल. नजर किती चांगली आहे बघ.

तेव्हा म्हैस विकू नकोस, आणि आईला न्यायला येऊ नकोस. भेटायला जरूर ये. चूक त्यांच्या डोळ्यांची नव्हती, माझी होती. हे कबूल करायलाच हे पत्र.

आज सकाळी कामावर निघालो तर त्या पलीकडे उभ्या. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन दोन्ही हात पसरले. लॉरी करकचून थांबली, ड्रायव्हरने माझ्या सात पिढ्या काढल्या. म्हटलं, "या गवराबाई. आधी मला आडव्या जा, मग मी पुढे जातो."

"नगं भाऊ, तुमचं काम बिघडंल."

"बिघडू दे."

पदर सावरून त्या माझ्या पुढून गेल्या. अलीकडे पोचून वळल्या आणि बघत राहिल्या, मी परततो का ते. मी तसाच कारखान्याकडे चालू लागलो.

तुझाच,
उद्धव