जांभळाच्या बरणीची राखण

आई, आज तुझ्याशी भांडायला बसले आहे. तू असतीस तर मला दारात उभं केलं नसतंस, म्हणून कागदावर भांडते. तुझ्या जांभळांची मी वाइन करते. शिरढोणच्या पुढची आपली जमीन मी विकली नाही. भावकीतल्या सगळ्यांनी विकली, बंगले बांधले, आणि मला वेड्यात काढून झालं. तुझी झाडं तशीच उभी आहेत आणि त्यांच्या सावलीला आमची छोटी वायनरी आहे. टाक्या स्टीलच्या, कळंबोलीला करून घेतलेल्या. यंत्रं आणि गाडी तुझा जावई बघतो. तुझी नात पुण्याला शिकून आली, प्रयोगशाळा तिच्याकडे. आणि मी चाखते. चाखते आणि थुंकते, कारण घोट गिळत बसलं की जिभेचा अंदाज जातो. वाइन म्हणजे औषध, वाइन म्हणजे फळांचा रस, असलं काही मी तुला सांगणार नाही. ती दारूच आहे, आणि ती मी उजळ माथ्यानं करते.

हे मी शिकले कुठे, ते मात्र ऐकून घे. मे महिना संपत आलेला असायचा. कातकरी बायका टोपल्या भरभरून जांभळं आणून ओसरीवर ओतायच्या. तू पदर खोचून परातीत ती हातानं कुस्करायचीस आणि सालीबियांसकट सगळा गर मोठ्या बरणीत घालून तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधायचीस. बरणी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात, तांदळाच्या कणगीमागे. चार दिवसांत आतून फसफस ऐकू यायची. मी कान लावून बसलेली असते आणि तू चुलीपुढून न वळताच ओरडतेस, "नको गो हात लावू तिला. आता ती वाईट हाय. चांगली व्हायची हाय अजून." त्या दिवसांत तू आमच्याबरोबर माजघरात झोपायचीच नाहीस. बरणीशेजारी गोधडी टाकायचीस, आणि विचारलं की म्हणायचीस, हितं गारवा हाय. चुलीच्या खोलीत कसला गारवा, हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती. गौरी-गणपती येईतो बरणीतला शिरका तयार व्हायचा, असा आंबट की नुसत्या वासानं डोळे मिटावेत. मग अख्खी आळी बाटल्या घेऊन दारात. कुणाचं पोट, कुणाची साखर, सगळ्यावर तुझा शिरका.

एका वर्षी मी फडकं सोडून आत बोट बुडवलं. ती "वाईट" होती तेव्हाच. गोड, तुरट, आणि घशाखाली उतरताना ऊन ऊन. तू मागे उभी होतीस. मारलं नाहीस. मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्यास, जीभ बधिर होईपर्यंत, आणि म्हणालीस, "परत लावलंस बोट, तर मी तुझी आय नाय." शिक्षा केलीस खरी, पण चव काही गेली नाही. आज टाकीतला पहिला पेला तोंडाला लावते तेव्हा मी त्याच चवीशी ताडून बघते. तेव्हा माझ्या धंद्याचा पाया तुझ्याच स्वयंपाकघरात घातला गेला, हे तुला आवडो न आवडो.

तुझा राग मला समजत नाही असं समजू नकोस. मामा स्वतःच्या लेकीच्या हळदीला पिऊन नाचता नाचता मांडवात पडला तो उठलाच नाही. तुझा एकुलता एक भाऊ. त्याच वर्षी तू आणि शेजारची काकी घरोघरी फिरलात, बायकांना घराबाहेर काढलंत, मतदानाच्या चिठ्ठीवर आडव्या बाटलीवर शिक्के मारायला लावलेत आणि नाक्यावरचं दारूचं दुकान बंद पाडलंत. मिरवणुकीत तू पुढे होतीस. मी तुझा पदर धरून चालत होते आणि माझी छाती अभिमानानं फुगली होती. तो अभिमान अजून आहे. पण नंतर काय झालं ते तू बघितलं नाहीस. आज गावात एकही दुकान नाही आणि एकही हळद कोरडी नाही. हायवेवरून टेम्पो भरून खोकी येतात, पोरं पहाटेपर्यंत मांडवात लोळतात, आणि तीच माणसं सकाळी आंघोळ करून नाकानं कांदे सोलत मला विचारतात, "बाईमाणसानं हा धंदा करावा का?"

पहिल्या हंगामात नातीनं टाकीच्या तोंडावर पाण्याची नळी बसवली. आतली हवा बुडबुडत बाहेर जाते, बाहेरची आत येत नाही. मी म्हटलं, फडकं बांध की, आजी बांधायची. ती हसायला लागली. म्हणाली, "आई, फडक्यातून हवा आत जाते, म्हणून तर त्याचा शिरका व्हायचा. आपल्याला तोच टाळायचाय. पण त्याआधी मधले काही आठवडे आजीच्या बरणीत काय असायचं, माहितीये? वाइन!" मला इतका आनंद झाला की काय सांगू. सापडलीस, असं वाटलं. गावाची दारू बंद करणारी माझी आई दर पावसाळ्यात कणगीमागे दारू करत होती, आणि तिला पत्ताच नव्हता! लेबल काढायला मुंबईहून आलेला मुलगा म्हणाला, आजींचा नऊवारीतला, नथीतला फोटो लावू, लोकांना परंपरा आवडते. मी म्हटलं, बाबा रे, तिचा फोटो लावलास तर बाटली आपोआप फुटेल.

आता भांडणाचं मूळ. आम्हाला जांभळांखाली चार टेबलं मांडायची आहेत. माणसं येतील, बसतील, पेलाभर पितील, बाटली घेऊन जातील. दुसऱ्याच्या दुकानावर विसंबून ही वायनरी चालणार नाही, आणि ती नाही चालली तर झाडांसकट जमीन जाईल. हा विषय ग्रामसभेत आला तेव्हा काकी उठली. पाठीतून वाकलीय, पण आवाज तोच. "हिच्या आयनं बाटली आडवी केली, आन् ही पोरगी उभी करतेय. ती असती तर तिनं हिला जितं ठेवलं नसतं." बायकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं फिरलं. मी सगळ्यांसमोर म्हणाले, "माझी आई दर वर्षी घरात दारू करायची. तुम्ही नेत होता तो शिरका आधी दारूच असायचा. तिला ठाऊक नव्हतं एवढंच."

काकी चक्क हसली. "ठाऊक नव्हतं? आमाला दोघींना ठाव होतं गो. तुझा मामा बी वास काढीत यायचा. म्हनून तर ती बरनीजवळ झोपायची. एक पावसाळा चुकवला नाय तिनं. चांगली होईस्तो राखायची, मग वाटायची." खाली बसता बसता म्हणाली, "तू खुशाल कर. पन राखनार कोन, त्ये सांग."

म्हणजे तुला ठाऊक होतं. तो गारवा खोटा होता. मी तुला पकडायला गेले आणि मीच तोंडावर पडले. तरी सांगते, आई, मी मागे हटणार नाही. मी तिथेच उत्तर दिलं, "मी राखीन. टेबलांपाशी मी स्वतः बसेन. ज्याचा तोल गेला त्याला दुसरा पेला नाही, आणि हळदीच्या मांडवात माझी एक बाटली जाणार नाही." काकी म्हणाली, "तरी मी शिक्का आडव्यावरच मारनार." मी म्हटलं, मार. टेबलांना परवानगी द्यायची की नाही, यावर गावाचं मतदान अजून व्हायचं आहे. बायका काय करतील ते सांगता येत नाही, पण घरोघरी मीही फिरते आहे, तुझ्यासारखीच, उन्हातान्हात. हरले तर पुन्हा फिरेन. बरणी चांगली होईपर्यंत तू थांबायचीस, मी तिला त्याआधीच थांबवते, कारण माझ्या मते ती तेव्हाच चांगली असते. यावर आपलं या जन्मी जमणार नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही.

हा कागद कुठे पाठवायचा नाहीच, तेव्हा एक सांगून टाकते. या वर्षीचा रस आता टाक्यांत फसफसतो आहे. राखायला काही नाही, दाराला कुलूप आहे, टाकीचं तापमान घरबसल्या मोबाइलवर दिसतं. तरीही हंगामभर मी टाकीशेजारी गोधडी टाकते. पहिल्या वर्षापासून. तुझ्या नातीनं विचारलं तेव्हा मी तिला सांगितलं, इथे गारवा आहे.